‘ताई, हा फोटो काढू या’ : फोटोबुक करून देणाऱ्या एका सेवेचा अनुभव

“ताई, हा फोटो काढू या,” माझ्या फोटोबुकचा डिझायनर फोनवर म्हणाला.

“अरे, काढलाय की मीच!”

दोन सेकंद दोघंही गप्प. मग तो हसला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला तो पुस्तकातून काढायचा होता. फोटो ‘काढणं’ हे क्रियापद दोन्हीकडे चालतं, हे बावीस वर्षं फोटो काढून पोट भरणाऱ्या बाईच्या कधी लक्षात आलं नव्हतं. आणि जो काढायचा होता तो माझा सगळ्यात लाडका फोटो होता.

फोटोबुकची मांडणी करून, छापून, बांधून घरी पाठवणाऱ्या एका सेवेबद्दल लिहितेय. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही येणार आहेत आणि अशा चुका हे काम करणाऱ्या कुणाकडूनही होऊ शकतात. तुम्ही कुणाकडेही गेलात तरी काय बघून घ्यायचं, एवढं कळलं तरी पुष्कळ.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझे पूर्वग्रह कुठून आले ते कळेल. मी वस्तूंचे फोटो काढते. भांडी, घड्याळं, चपला, सगळं पांढऱ्या पार्श्वभूमीवर. या धंद्यात डिझायनर म्हणजे ‘उजवीकडे जागा सोडा, तिथे मजकूर येणार आहे’ असं सांगणारा माणूस. मी दोन तास खपून किटलीवरची चमक नीट बसवायची आणि त्याने त्या चमकेवर लाल गोळा चिकटवायचा. त्यामुळे ग्राफिक डिझाइनबद्दल मला आदर वगैरे काही नव्हता. फोटो चांगला असला की तो स्वतःचं स्वतः बोलतो, बाकीच्यांनी मध्ये बोलू नये, असं माझं साधं मत.

सुट्टीच्या दिवशी मात्र मी दोन वर्षं एका म्हाताऱ्या शिंपीकाकांकडे जाऊन बसत होते. ते काम बंद करणार होते. रोज ‘पुढच्या महिन्यात’ म्हणायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कुणाची तरी पँट आखूड करत बसलेले असायचे. या दोन वर्षांत साडेअकरा हजार फ्रेम झाल्या. त्यातून निवडून, रडून, पुन्हा निवडून १४० उरल्या. त्या सगळ्या पुस्तकात जाव्यात अशी माझी इच्छा होती. गेल्या ५२.

या सेवेत दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो टाकायचे आणि तयार साच्यात ते आपोआप भरले जातात. तो मी एका संध्याकाळी करून पाहिला. काकांचं डोकं कपाळावर कापलं गेलं, इस्त्री दोनदा आली, एका पानावर सहा फोटो दाटीवाटीने बसले. वाढदिवसाच्या अल्बमला ठीक आहे, त्याबद्दल जास्त काही लिहीत नाही. दुसरा मार्ग म्हणजे डिझायनर तुमच्याबरोबर बसतो. माझ्या वाट्याला आलेला मुलगा वयाने माझ्या निम्मा असेल. पहिल्या कॉलवर त्याने कॅमेरा कुठला, लेन्स कुठली यातलं काही विचारलं नाही. विचारलं, “काकांच्या दुकानात आवाज कसला असतो?” मी जरा वैतागलेच. पण उत्तर दिलं: मशीनचा, मग बराच वेळ कसलाच नाही, मग कात्रीचा.

तिसऱ्या आठवड्यात पीडीएफ आली. आणि तिच्यासोबत, त्यांच्याकडची सगळ्यात चांगली गोष्ट: साध्या कागदावर छापून स्टेपल मारलेली कच्ची प्रत. पडद्यावर पानं एकाखाली एक सरकतात. हातात ती उलटावी लागतात, आणि उलटताना आधीचं पान डोळ्यांत असतंच. नव्वद टक्के निर्णय आम्ही या कच्च्या प्रतीवर पेन्सिलने खुणा करत घेतले. कुठल्याही सेवेकडे गेलात तर हे आधी विचारा: कागदी डमी देता का? नाही म्हणाले तर मी तरी पुढे जाणार नाही.

तर तो लाडका फोटो. खिडकीतून तिरपा उजेड येतोय, काका सुईत दोरा ओवतायत, एक डोळा मिटलेला, ओठ किंचित पुढे, दोऱ्याचं टोक ओलं होऊन चमकतंय. ज्यांना ज्यांना दाखवला त्यांनी ‘वा’ म्हटलं. मी तो तिसऱ्या पानावर धरला होता. मुलाचं म्हणणं, “हा एकटाच सगळं सांगून टाकतो. पुढच्या पानांना मग कामच उरत नाही.” मी अर्थातच भांडले. शेवटी त्याने दोन डमी पाठवल्या, एक फोटोसकट, एक त्याच्याशिवाय. काहीच न सांगता मी त्या भाचीच्या हातात दिल्या. पहिलीत ती तिसऱ्या पानावर थांबली, ‘मस्त गं मावशी’ म्हणाली आणि उरलेलं पुस्तक पत्ते पिसल्यासारखं उलटून मोकळी झाली. दुसरी तिने हळूहळू पाहिली. मधेच दोन पानं मागे गेली. विचारलं, “हे आता शिवत का नाहीयेत?”

फोटो काढला. म्हणजे वगळला.

त्या रात्री मी कपाटातली जुनी मासिकं आणि फोटोंची पुस्तकं खाली काढून पुन्हा चाळली, या वेळी फोटोंकडे न बघता पानांकडे बघत. फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँकने १९५५–५६ मध्ये अमेरिकाभर हिंडून सुमारे २७ हजार फ्रेम काढल्या आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात घेतल्या ८३, हा आकडा मला कॉलेजपासून पाठ. पण १९५९च्या अमेरिकी आवृत्तीत प्रत्येक फोटोच्या समोरचं डावं पान जवळजवळ कोरं ठेवलंय, हे मी कितीदा पाहिलं असेल आणि एकदाही ‘पाहिलं’ नव्हतं. अलेक्सी ब्रॉडोविच १९३४ ते १९५८ ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकाचा कलादिग्दर्शक होता. समोरासमोरची दोन पानं ही त्याच्यासाठी एकच चौकट होती आणि तिच्यातली पांढरी जागा म्हणजे उरलेली जागा नव्हे, मुद्दाम ठेवलेली. रिचर्ड अ‍ॅव्हेडन आणि अर्व्हिंग पेन दोघंही त्याचे विद्यार्थी. म्हणजे ज्यांना आपण फोटोग्राफर म्हणून डोक्यावर घेतो, त्यांचा गुरू पानं मांडणारा माणूस होता. हे मला माहीत होतं. बोचलं मात्र त्या रात्री.

उलट बाजूही आहे. फोटोग्राफर युजीन स्मिथने १९४८ साली ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकासाठी एका खेड्यातल्या डॉक्टरवर केलेली चित्रकथा आजही फोटोग्राफीच्या वर्गात दाखवली जाते. त्याच स्मिथचं, आफ्रिकेत रुग्णालय चालवणाऱ्या अल्बर्ट श्वाइट्झर या डॉक्टरवरचं काम १९५४ मध्ये छापून आलं तेव्हा त्याची निवड आणि मांडणी त्याला इतकी खटकली की त्याने ‘लाइफ’ सोडलं. तेव्हा फोटोग्राफरने मांडणीवर भांडू नये असं मी अजिबात म्हणणार नाही. मी भांडलेच. फक्त माझ्याकडे साडेअकरा हजार फ्रेम होत्या आणि त्या डिझायनर मुलाकडे एक पुस्तक, हा फरक मला उशिरा कळला.

आता ज्या जोडीमुळे मी पुरती गार झाले ती. पान १८ आणि १९. डावीकडे टेबलावर पसरलेलं गडद निळं कापड आणि त्यावर खडूने आखलेला मुंढ्याचा गोलवा. एकच रेघ, सुरुवातीला जाड, हात उचलला तिथे विरलेली. उजवीकडे काकांची मान मागून: कानामागून निघून मानेवर झुललेली चष्म्याची दोरी. दोन्हींचा बाक एकच. डावीकडचा जिथे विरतो साधारण त्याच उंचीवर उजवीकडचा सुरू होतो. हे दोन फोटो मी चौदा महिन्यांच्या अंतराने काढलेत. एक पावसाळ्यातला, एक कडक उन्हाळ्यातला. माझ्या निवडीत ते दोन वेगळ्या फोल्डरमध्ये होते, एक ‘हत्यारं’ आणि एक ‘चेहरे’. मुलाने फोल्डर मोडून सगळे फोटो नखाएवढे छापले, जमिनीवर पसरले आणि आकारांच्या जोड्या लावल्या. फोटो कशाचा आहे हे आधी बघायचंच नाही, रेघ कुठे जाते ते बघायचं, हे त्याचं सूत्र. विषयावरून जोड्या लावल्या की पुस्तक यादीसारखं वाटतं, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलंय. पूर्ण नाही, दोन ठिकाणी त्याने निव्वळ आकार जुळतो म्हणून बटणांच्या डब्यासमोर चंद्र ठेवला होता. तो मी हाणून पाडला. काकांच्या दुकानात चंद्राचं काय काम?

आकाराबद्दलही असंच झालं. अंगुस्तानाचा, म्हणजे शिवताना बोटात घालायच्या टोपीचा फोटो मी अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सने काढलेला, पितळेवरचा एकेक खळगा दिसतोय. माझ्या मते पूर्ण पान, कडेपर्यंत. त्याने तो चार सेंटीमीटर रुंद केला आणि मोठ्या कोऱ्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात ठेवला. “अंगुस्तान एवढंच असतं ना, ताई?” आता पुस्तक हातात घेणारा प्रत्येक जण त्या पानाशी आला की पुस्तक डोळ्यांजवळ नेतो. मी हे चार-पाच जणांच्या बाबतीत पाहिलंय. चोवीस मेगापिक्सेलची फाइल, इंचाला ३०० पिक्सेल धरून ५० सेंटीमीटर रुंद छापता आली असती, आणि ती बोटाएवढी छापलीय. माझ्यातली तंत्रज्ञ अजून थोडी रुसलेली आहे.

पान ६२ ते ६७ मात्र बिनशर्त त्याचं श्रेय. मशीनच्या चाकाचे तीन फोटो, फिरताना, मंदावताना, थांबलेलं. मग दोन समोरासमोरची कोरी पानं. मग घडी घातलेलं कापड. कोऱ्या पानांचेही पैसे लागतातच, म्हणून मी कुरकुरले. त्याने पहिल्या कॉलची आठवण करून दिली: “तुम्हीच म्हणालात, मशीनचा आवाज, मग बराच वेळ काही नाही.”

आता छपाई आणि बांधणी. इथे बाजू संमिश्र आहे.

पुस्तक ९६ पानांचं, म्हणजे सोळा पानी सहा फर्मे (एका मोठ्या कागदावर छापून घड्या घातलेले पानांचे गठ्ठे), दोऱ्याने शिवलेले. लांबलचक टेबलामागे काका बसलेत असा एक आडवा फोटो दोन पानांवर पसरायचा होता. पहिल्या डमीत तो ३६–३७ वर आला. काकांचा चेहरा नेमका मधल्या घडीत: एक डोळा या पानावर, एक त्या पानावर, नाक गायब. डमी स्टेपलची असल्यामुळे मला वाटलं, खऱ्या बांधणीत होईल नीट. तो म्हणाला, होणार नाही. फर्म्यात समोरासमोर येणारी बहुतेक पानं कागदावर एकमेकांच्या शेजारी नसतातच, वेगवेगळ्या ठिकाणी छापली जाऊन घडीनंतर भेटतात, त्यामुळे केसभर सरकतातच. अखंड कागद फक्त फर्म्याच्या मध्यावर मिळतो. सोळा पानी फर्म्यात म्हणजे ८–९, २४–२५, ४०–४१ आणि पुढे दर सोळा पानांनी. फोटो ४०–४१ वर नेला, आणि चौकट थोडी सरकवून चेहरा घडीपासून डावीकडे घेतला. आता तिथे पुस्तक जवळपास सपाट उघडतं आणि घडीत बांधणीचा पांढरा दोरा दिसतो, नेमका टेबलावर पसरलेल्या कापडावरून गेलेला. योगायोग की त्या मुलाचा चावटपणा, विचारलं तर नुसता हसतो.

छपाईत मात्र गडबड झाली. आम्ही कागद निवडला होता बिनचकाकीचा, अनकोटेड. त्यांनी रंगाचं प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना, पाठवलं चकचकीत कागदावर. मी ते पाहून ‘ओके’ लिहून मोकळी झाले. अनकोटेड कागद शाई पितो, ठिपका पसरतो, गडद भाग एकमेकांत मिसळतात. पहिला फर्मा छापून त्याचे कागद मला दाखवायला आले तेव्हा काळ्या कोटावर काळे टाके असलेला माझा फोटो म्हणजे निव्वळ काळा चौकोन होता. दोष कुणाचा? प्रूफ ज्या कागदावर छापायचं त्याच कागदावर हवं, हे त्यांना माहीत असायलाच हवं होतं. आणि मी घरी पडदा पूर्ण उजेडावर ठेवून फोटो दुरुस्त करते, जिथे छपाईच्या कामासाठी पडद्याचा उजेड ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर एवढाच ठेवतात, हे मलाही माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. त्यांच्या मदत-कक्षाने तीन ईमेलमध्ये तीन वेगवेगळी उत्तरं दिली, त्यातलं एक ‘कृपया आपला मॉनिटर तपासा’ एवढंच. चूक अर्धी माझी असली तरी ते वाचून डोकं फिरलं. शेवटी वाया गेलेल्या कागदाचा खर्च निम्मा-निम्मा झाला, डिझायनर मुलाने रात्री बसून प्रत्येक फोटोतले गडद भाग उजळले, दुसरं प्रूफ योग्य कागदावर आलं आणि त्यात टाके दिसले.

दुसरी तक्रार देवनागरीची, आणि ही मी कुणालाच माफ करणार नाही. फोटोंखाली एकेका ओळीचा मजकूर होता, मराठीत. पहिल्या पीडीएफमध्ये ‘शिंपी’तली पहिली वेलांटी ‘श’च्या आधी न येता नंतर चिकटली होती, ‘कात्री’ फुटली होती आणि रफार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसला होता. पानं मांडायच्या ‘इनडिझाइन’ या सॉफ्टवेअरमध्ये मजकुरासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय निवडला नाही तर असं होतं. निवडला की लगेच सुधारतं. हे त्यांना एका ग्राहकाने, तेही चपलांचे फोटो काढणाऱ्या बाईने, सांगावं लागलं. मग मुखपृष्ठावरचं नाव. तिथे मुलाने इंग्रजी कॅपिटल अक्षरांना देतात तसं अक्षरांमधलं अंतर वाढवलं होतं. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात, त्यांना ते शोभतं. आपल्याकडे शिरोरेषा तुटते. दोरीवर वाळत घातलेले कपडे दोरीसकट तुकड्या-तुकड्यांत कापल्यासारखं दिसत होतं. हे चित्र सांगितल्यावर मात्र त्याला एका झटक्यात कळलं. ओळींमधली जागाही वाढवून घेतली, नऊ पॉइंटच्या अक्षराला पंधरा, कारण वर मात्रा आणि खाली उकार, दोघांनाही श्वास घ्यायला जागा लागते. नंतर त्याने सगळा मजकूर स्वतःहून पुन्हा लावला, आणि समास असा सोडला की ओळ फोटोच्या कडेशी नाही तर फोटोतल्या टेबलाच्या कडेशी सुरू होते. हे मला सुचलं नसतं.

मुखपृष्ठावर काकांचा फोटो नाही. गडद निळं कापड आणि त्यावर पांढऱ्या फॉइलमध्ये तीच खडूची रेघ, १८व्या पानावरची. मी चेहरा हवा म्हणून दोन दिवस हट्ट धरला होता. आता तो हट्ट आठवला की मी विषय बदलते.

किरकोळ गोष्टी: बदल फक्त तीन फेऱ्यांपर्यंत करून मिळतात, चौथीला वेगळे पैसे. फाइलींची नावं मराठीत ठेवली तर त्यांची यंत्रणा त्या घेत नाही. पॅकिंग वाईट, दहा प्रतींचे कोपरे दबून आले, त्या बदलून मिळाल्या पण बारा दिवसांनी. एकूण वेळ सांगितला होता आठ आठवडे, लागले चौदा. ज्यांना तारखेला भेट द्यायची आहे त्यांनी जाऊ नये. आपले फोटो कुणीतरी परक्या माणसाने जमिनीवर पसरून बघावेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त उचलून बाजूला ठेवावेत, हे ज्यांना सोसेल त्यांनी जरूर जावं. सॉफ्टवेअरवाल्या मार्गाला पाचपैकी दोन, मदत-कक्षाला एक, त्या मुलाला पाच. प्रूफचा अर्धा गुण मी माझाच कापला.

पहिली प्रत घेऊन काकांकडे गेले. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उघडलं नाही. आधी उलटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला. मग उघडलं ते थेट मध्यावर, ४०–४१, स्वतःच्या फोटोवर. चष्मा कपाळावर सरकवला आणि घडीत बोट घातलं.

“हातशिलाई आहे का गं ही?”

मी तिथूनच मुलाला फोन लावला. तो म्हणाला, मशीनची.

“वाटलंच,” काका म्हणाले. “टाका लांब पडलाय.” आणि पान उलटलं.